सतरंजीची किंमत आणि विणणाऱ्याची मजुरी

चौदा एप्रिल जवळ आला की वस्त्यावस्त्यांतून वर्गणी गोळा होऊ लागते. देवळा तालुक्यातल्या एखाद्या गावी विहारासाठी चार सतरंज्या आणि वंदनेच्या जागेसाठी एक गालिचा घ्यायचे ठरले, की कार्यकर्ते देवळ्याच्या बाजारात जातात, तिथे मनासारखे मिळाले नाही तर सटाणा किंवा मालेगाव गाठतात. तिथे गेल्यावर त्यांची पंचाईत होते. तेवढ्याच लांबीरुंदीचा माल एका दुकानात काही शेकड्यांत मिळतो, दुसऱ्या दुकानात काही हजार मागतात आणि नाशिकच्या बड्या दुकानात गेले तर गालिच्यावर लाखाची चिठ्ठी लावलेली दिसते. कारण विचारले तर दुकानदार एवढेच सांगतो, "दादा, मालात फरक आहे." कार्यकर्ते मान डोलावतात आणि सर्वात स्वस्त माल टेम्पोत टाकून गावी परततात.

यात कार्यकर्त्यांचा दोष नाही. वर्गणीचा पैसा मजुरांच्या घामाचा असतो, तो जपूनच खर्च केला पाहिजे. पण मालात फरक आहे म्हणजे नेमका कशात फरक आहे? तो फरक कोणी निर्माण केला? आणि त्या फरकाचा पैसा शेवटी कोणाच्या खिशात जातो? हे प्रश्न दुकानदारावर सोडून देण्यासारखे नाहीत. श्रमाची किंमत हा आपल्या चळवळीचा पहिल्यापासूनचा विषय आहे आणि सतरंजी, घोंगडी, गालिचा या वस्तूंत तो धाग्याधाग्याने विणलेला आहे.

बसायच्या वस्तूशी आपल्या समाजाचे नाते तर फारच जुने आणि कडवट आहे. साताऱ्याच्या शाळेत लहानग्या भीमरावाला इतर मुलांपासून वेगळे, गोणपाटाच्या तुकड्यावर बसावे लागे. शाळा झाडणारा नोकरही त्या गोणपाटाला शिवत नसे, म्हणून ते रोज संध्याकाळी घरी न्यायचे आणि सकाळी परत आणायचे. पुढे १९१७ साली कोलंबिया विद्यापीठातून शिकून आलेले हेच बाबासाहेब बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले, तेव्हा ते उठून निघाले की कचेरीतले शिपाई जाजम गुंडाळून घेत, असे त्यांच्या चरित्रात नोंदलेले आहे. त्या कचेरीत जाजमाची प्रतिष्ठा जगातल्या नामांकित विद्यापीठात शिकलेल्या माणसापेक्षा मोठी ठरली. हा इतिहास ज्यांच्या पाठीशी आहे, त्यांनी जाजमाची किंमत कशी ठरते हे समजून घेतलेच पाहिजे.

आधी मालातला खरा फरक पाहू. तो आहे आणि तो नाकारण्यात अर्थ नाही. गालिचा आणि सतरंजी या दोन वेगळ्या वस्तू आहेत. सतरंजीत ताणा आणि बाणा, म्हणजे उभा आणि आडवा धागा, एकमेकांत घट्ट बसवलेला असतो, त्यात गाठ नसते. म्हणून तिचे काम तुलनेने लवकर उरकते. हातगाठीच्या गालिच्यात मात्र उभ्या धाग्यांच्या जोडीभोवती लोकरीची एकेक गाठ बोटांनी बांधावी लागते, उरलेला धागा सुरीने कापावा लागतो, एक ओळ पुरी झाली की आडवा धागा घालून ती पंजाने ठोकून बसवावी लागते. अशा हजारो ओळी झाल्या की एक गालिचा होतो. एका चौरस इंचात जितक्या गाठी जास्त, तितकी नक्षी बारीक, गालिचा टिकाऊ आणि किंमत चढी.

हिशेब अवघड नाही, सातवीतला मुलगा करू शकेल. सहा फूट रुंद आणि नऊ फूट लांब गालिचा घ्या. त्याचे चौरस इंच होतात ७,७७६. चौरस इंचाला १०० गाठी धरल्या तर एकूण गाठी ७,७७,६००. एका विणकराने दिवसाला ६,००० गाठी बांधल्या असे धरले, तर या एका गालिच्याला सुमारे १३० दिवसांचे श्रम लागतात. दिवसाची मजुरी निव्वळ हिशेबासाठी ५०० रुपये धरा. नुसती विणण्याची मजुरी झाली जवळजवळ ६५ हजार रुपये. यात लोकर नाही, रंग नाही, धुलाई नाही, मागाचे भाडे नाही, वाहतूक नाही, दुकानदाराचा नफा नाही. तोच गालिचा चौरस इंचाला ३० गाठींचा असेल तर ३९ दिवस लागतील आणि मजुरी साडेएकोणीस हजारांच्या घरात येईल. २०० गाठींचा असेल तर २५९ दिवस लागतील आणि मजुरी एक लाख तीस हजारांजवळ जाईल. आकार तोच, खोली तीच, पण किंमत सहा-सात पटींनी बदलली. याचे कारण माणसाच्या आयुष्यातले दिवस आहेत.

आता हाच हिशेब उलटा करून पाहा. कोणी तुम्हाला १०० गाठींचा सहा बाय नऊचा गालिचा वीस हजारांत देऊ लागला आणि तो हाताने गाठी मारलेला आहे असे शपथेवर सांगू लागला, तर दोनच गोष्टी संभवतात. एक तर तो खोटे बोलतो आहे, माल हाताचा नाही. किंवा तो खरे बोलतो आहे आणि विणणाऱ्याच्या ताटातली भाकरी कोणीतरी काढून घेतली आहे. तिसरी शक्यता नाही.

पहिला प्रकार बाजारात सर्रास चालतो. बंदुकीसारख्या हत्याराने कापडात लोकर टोचून, मागून रबरी चिकाचा थर देऊन आणि त्यावर दुसरे कापड चिकटवून केलेला गालिचा वरून हातगाठीच्या गालिच्यासारखाच दिसतो. तो काही दिवसांत तयार होतो, म्हणून स्वस्त पडतो. पण वर्षे गेली की चिकाचा भुगा होऊ लागतो. तिसरा प्रकार यंत्रावरचा. बहुधा तो प्लास्टिकच्या कृत्रिम धाग्याचा असतो आणि यंत्र त्याचे थानच्या थान काढते. ओळखायची रीत सोपी आहे. गालिचा उलटा करा. पाठीवर एकेक गाठ आणि पुढच्या बाजूची नक्षी स्पष्ट दिसली तर तो हातगाठीचा. पाठीवर कापड चिकटवलेले दिसले तर तो टोचलेला. कडेची झालर पाहा. हातगाठीच्या गालिच्याची झालर म्हणजे त्याच्याच उभ्या धाग्यांची टोके असतात, यंत्राच्या गालिच्याला ती वेगळी शिवलेली असते. यंत्राचा माल घेण्यात कमीपणा नाही. सभेच्या मांडवात शेकडो माणसे चपलांसह बसतात, तिथे तो पुरेसा आहे. फक्त यंत्राच्या मालाला हाताची किंमत मोजू नये आणि हाताच्या मालाला यंत्राची किंमत देऊ नये.

सतरंजीचेही असेच आहे. सूत जाड की बारीक, निव्वळ कापसाचे की चिंध्यांपासून पुन्हा कातलेले, रंग पक्का की पहिल्या धुण्यात जाणारा, वजन किती, आणि माग हाताचा की विजेचा, यावर तिचा भाव ठरतो. इथे एक गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी. १९८५ साली केंद्राने एक कायदा केला. त्या कायद्याखाली साडी, धोतर, लुंगी यांच्याबरोबर सतरंजी म्हणजे जमखाना आणि कांबळी यांचे ठरावीक प्रकार हातमागासाठी राखीव ठेवण्यात आले. यंत्रमागाने ते विणू नयेत, हातमागावरच्या गरीब विणकराच्या पोटावर पाय येऊ नये, हा हेतू होता. म्हणजे हेही एक आरक्षणच! आणि त्याचे काय झाले? आपल्या नोकऱ्यांच्या अनुशेषाचे जे झाले तेच. कायदा कागदावर राहिला, यंत्राचा माल हातमागाच्या नावाने विकला गेला आणि हातमागावाल्याला त्याच भावाशी झुंजावे लागले. आपल्या आरक्षणाविरुद्ध गुणवत्तेची बोंब ठोकणाऱ्यांनी या राखीव मालाची चोरी कधी मोजली आहे काय?

आता आपल्या कसमादे भागाकडे या. कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा या पट्ट्यातून ठेलारी धनगर मेंढ्यांचे कळप घेऊन फिरतात, काढणी झालेल्या शेतात मेंढ्या बसवतात आणि शेताला खत मिळते. या दख्खनी मेंढीच्या काळ्या, भरड लोकरीची घोंगडी होते. मेंढी वर्षातून दोनदा कातरायची, लोकर पिंजायची, बायकांनी चरख्यावर सूत काढायचे, ताण्याला चिंचोक्याची खळ द्यायची आणि मग सनगर किंवा खुटेकर धनगर विणकराने खड्ड्याच्या मागावर बसून ती विणायची. पाऊस, थंडी, ऊन, तिन्ही अंगावर घेणारी ही वस्तू. पण पाणिपतच्या कारखान्यांनी परदेशातून येणाऱ्या जुन्या गरम कपड्यांच्या चिंध्यांचे सूत काढून स्वस्त ब्लँकेटे बाजारात ओतली आणि घोंगडीचा भाव बसला. लोकरीला गिऱ्हाईक उरले नाही. कातरण्याची मजुरीही लोकरीतून सुटेना, म्हणून मेंढपाळांवर ती फेकून देण्याची पाळी आली. मेंढी मांसापुरती उरली.

आणि गंमत अशी, की गावात जिला कोणी विचारत नाही तीच घोंगडी मुंबई-पुण्याच्या प्रदर्शनात पोचली की तिला हस्तकला असे नाव मिळते आणि तिचा भाव कित्येक पटींनी चढतो. लोकर तीच आणि विणणारा हातही तोच असतो. बदलते ती विकणाऱ्याची जात आणि विकण्याची जागा. सूत काढणाऱ्या बाईच्या दिवसांचा हिशेब तर या दोन्ही भावांत कुठेच धरलेला नसतो. घरातले काम म्हणून ते फुकटात जमा होते.

देवळ्याच्या शेतकऱ्याला हे सांगायला अर्थशास्त्रज्ञ नको. उमराण्याच्या बाजार समितीत कांद्याचा ट्रॅक्टर उभा राहिला की लिलाव त्याच्या डोळ्यांदेखत होतो. तोच कांदा मुंबईत काय भावाने विकला जातो, हेही त्याला दुसऱ्या दिवशी कळते. मधला पैसा कोण खातो यावर तो बोलतो, रस्ता अडवतो, निवडणुकीत हिशेब चुकता करतो. विणकराच्या मालाचा लिलाव त्याच्यासमोर कधीच होत नाही. ठेकेदार सूत देतो, नक्षीचा कागद देतो, फुटावर मजुरी ठरवतो आणि माल उचलून नेतो. तो माल कुठे गेला, किती रुपयांना गेला, हे विणकराला कळत नाही. अमेरिका ही भारतीय गालिच्यांची सर्वात मोठी गिऱ्हाईक. २०२५ च्या ऑगस्टमध्ये तिने भारतीय मालावरचा आयातकर ५० टक्क्यांपर्यंत चढवला, तेव्हा भदोही-मिर्झापूरच्या मागांवर चिंता पसरली. भाव पडला की आधी त्याची मजुरी कापतात. भाव चढला तर ती वाढवण्याची आठवण कोणाला होत नाही.

बाबासाहेबांना हे नेमके ठाऊक होते. व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना त्यांनी १९४६ साली किमान वेतनाचे विधेयक मांडले आणि १९४८ साली त्याचा कायदा झाला. त्या कायद्याची अनुसूची उघडून पाहा. ज्या धंद्यांत मजुराची सर्वाधिक पिळवणूक होते आणि त्याला संघटनेचे बळ नाही, अशा धंद्यांची ती यादी आहे. तिच्यात पहिल्या क्रमांकावर कोणता धंदा आहे? लोकरीचे गालिचे आणि शाली विणण्याचा! भातगिरण्या, विड्या, तेलघाणे हे सगळे त्याच्यानंतर. पुढे २०१९ च्या वेतन संहितेत हा कायदा विलीन करण्यात आला. पण देशाने किमान वेतनाचा विचार सुरू केला तेव्हा यादीच्या डोक्यावर गालिचा होता, ही गोष्ट चळवळीच्या माणसाने विसरू नये.

याला दुसरी जोड संविधानाची आहे. कलम २३ ने वेठबिगार आणि सक्तीचे श्रम बंद केले. १९८२ साली, दिल्लीतल्या आशियाई खेळांच्या बांधकामावरील मजुरांच्या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की किमान वेतनापेक्षा कमी पैशांत काम करून घेणे हीसुद्धा सक्तीची मजुरीच आहे, कारण भूक माणसावर सक्ती करते. आता वरचा हिशेब आणि हा निकाल शेजारी ठेवा. ज्या गालिच्याच्या विक्रीच्या किमतीत विणकराचे किमान वेतनच बसू शकत नाही, तो गालिचा स्वस्त नाही, तो वेठीचा आहे. आमचे या लेखातले म्हणणे एवढेच आहे.

वेठ कोणाची, हेही पाहिले पाहिजे. १९३१ च्या शाही मजूर आयोगाला अमृतसरच्या गालिचा कारखान्यांत आईबापांच्या कर्जापोटी गहाण ठेवलेली मुले आढळली. त्यातून १९३३ साली मुलांचे श्रम गहाण ठेवण्याविरुद्ध कायदा झाला. १९३८ च्या आणि १९८६ च्या बालकामगार कायद्यांतही गालिचा विणण्याचे नाव आहे. तरीही १९८० च्या दशकात मिर्झापूर-भदोहीच्या मागांवरून बिहारातल्या मुलांना सोडवून आणावे लागले आणि १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा या प्रश्नावर निकाल द्यावा लागला. ही मुले मोठ्या संख्येने दलित, आदिवासी आणि गरीब मुसलमान घरांतली होती. मुलांची बोटे नाजूक असतात, म्हणून बारीक गाठ त्यांच्याच हातून येते, असा युक्तिवाद तेव्हा केला जाई. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९० च्या दशकात अभ्यास करवून घेतला, त्यात हा युक्तिवाद टिकला नाही. उत्तम गालिचे मोठी माणसेच विणतात आणि मुलांना काढले तरी धंदा बुडत नाही, असे दिसून आले. बोटे नाजूक होती म्हणून नव्हे, मजुरी मागण्याची ताकद नव्हती म्हणून मुलांना मागावर बसवले होते. त्याच काळात, १९९४ साली, कैलाश सत्यार्थी आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या खटपटीतून बालमजुरीमुक्त गालिच्याला रगमार्क हे चिन्ह देण्यास सुरुवात झाली. विकत घेणाऱ्याने प्रश्न विचारला की विकणाऱ्याला उत्तर द्यावे लागते, हा त्यातला धडा आहे.

विणकामातली चांगली मजुरी आपल्या माणसाच्या हाती लागू नये यासाठी तर याच महाराष्ट्रात धर्माचा आधार घेतला गेला. मुंबईच्या कापडगिरण्यांत साचेखात्यात मजुरी जास्त मिळे. तिथे धोट्यात नवी कांडी घातली की धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे. अस्पृश्याच्या तोंडाला लागलेला धोटा आमच्या तोंडाला कसा लावायचा, या कारणाने स्पृश्य कामगार आपल्या लोकांना त्या खात्यात येऊ देत नव्हते. संपात मात्र सगळ्यांनी खांद्याला खांदा लावावा, अशी अपेक्षा होती. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे रोखठोक मांडला. वर्गाची भाषा बोलणाऱ्यांनी त्या दिवसापर्यंत या थुंकीच्या प्रश्नाकडे डोळेझाक केली होती. कापडाच्या भावात जात कशी शिरते, याचे याहून उघड उदाहरण नाही.

ही गोष्ट जुनी झाली असे कोणी म्हणेल. त्यांनी तुरुंगाकडे पाहावे. येरवड्यासारख्या कारागृहांत कैद्यांच्या हातून विणकाम होते आणि तो माल विकला जातो. १९९८ साली सर्वोच्च न्यायालयाने कैद्यांच्या श्रमाला रास्त मोबदला दिला पाहिजे असे सांगितले. आणि ३ ऑक्टोबर २०२४ रोजी त्याच न्यायालयाला तुरुंगांत जात पाहून काम वाटण्याचे नियम घटनाबाह्य ठरवावे लागले. स्वयंपाक वरच्या जातीच्या कैद्याने करायचा आणि झाडू, मैला खालच्या जातीच्या कैद्याने, असे राज्याराज्यांच्या तुरुंग नियमावल्यांत लिहिलेले होते. संविधान लागू होऊन ७४ वर्षे झाली तरी! जाती हे कामाचे नव्हे, काम करणाऱ्या माणसांचेच वाटप आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ साली दाखवून दिले होते. त्याचा पुरावा २०२४ साली तुरुंगाच्या कागदपत्रांत सापडला.

मग आपण काय करायचे? विहारासाठी, समाजमंदिरासाठी, लग्नासाठी सतरंजी, घोंगडी किंवा गालिचा घेताना चार प्रश्न विचारा. माल हाताचा की यंत्राचा? धागा कशाचा? कुठे विणला? विणणाऱ्याला फुटामागे काय मिळाले? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर दुकानदाराकडे नसेल, तरी तो विचारा. दहा गिऱ्हाइकांनी विचारला की अकराव्याच्या वेळी तो ठेकेदाराला विचारून ठेवील. सभेसाठी यंत्राची सतरंजी बिनदिक्कत घ्या, पण यंत्राच्याच भावात घ्या. हाताच्या मालावर घासाघीस करताना वरचा दिवसांचा हिशेब एकदा मनात करा. २००६ साली सरकारने हातमाग चिन्ह सुरू केले, ते मालावर आहे का पाहा.

व्यक्तीने विचारलेला प्रश्न दुकानातच विरून जातो, संघटनेने विचारलेला सरकारपर्यंत पोचतो. कसमादेतल्या बचत गटांनी ठेलारी बांधवांची लोकर विकत घेऊन सूत काढण्याचा आणि विणकरांची सहकारी संस्था उभारून माल थेट विकण्याचा विचार करावा. धनगर, सनगर, मोमीन, कोष्टी, साळी हे सगळे श्रमिक समाज आपापल्या मागापाशी एकटे आहेत, म्हणून त्यांचा भाव दुसरे ठरवतात. बहुजन ऐक्याची भाषणे खूप झाली, ते ऐक्य लोकरीच्या आणि सुताच्या हिशेबात आणता येते. आणि सरकारकडे एक साधी मागणी करावी, की हातमागाच्या प्रत्येक मालावर विक्रीच्या किमतीशेजारी विणकराची मजुरी छापलेली असावी. औषधाच्या बाटलीवर किंमत छापता येते, तर सतरंजीवर मजुरी का छापता येऊ नये?

आपल्या राजकारणात राबणाऱ्या माणसाची थट्टा करताना त्याला सतरंज्या उचलणारा कार्यकर्ता म्हणतात. सभा संपल्यावर पुढारी गाडीत बसून निघून जातो आणि हा मागे राहून सतरंज्या झटकतो, घड्या घालतो, मोजून ठेवतो. आम्हाला या कार्यकर्त्याचा अभिमान आहे. गोणपाट डोक्यावर घेऊन शाळेत जाणाऱ्या समाजाने आज स्वतःच्या विहारात स्वतःच्या सतरंज्या अंथरल्या आहेत, त्या त्याच्या हातांमुळे. त्याच हातांनी यापुढे सतरंजी उलटी करून पाठीवरचे धागेही पाहावेत, आणि ती विणणाऱ्याला त्याच्या दिवसांचे दाम मिळाले की नाही, हे विचारल्याशिवाय वर्गणीचा पैसा काढू नये.